समुपदेशक हवेत, पण त्यांची पात्रता ठरवणार कोण?

लखनौ : सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी देशातील शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे आणि खासगी शिकवणी वर्ग यांच्यासाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांच्या खंडपीठाने हा निकाल दिला. मानसिक आरोग्य हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा अविभाज्य भाग असल्याचे त्यात नमूद आहे. शंभर वा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक ‘पात्र’ समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे न्यायालयाने बजावले. त्याहून लहान संस्थांनी बाहेरील व्यावसायिकांशी औपचारिक संबंध जोडावा आणि सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा ‘प्रमाणित’ तज्ज्ञांकडून प्रशिक्षण द्यावे, असेही त्यात म्हटले आहे.

निकालाचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते. राज्यांमध्ये सर्वाधिक, म्हणजे २२,७४६ आत्महत्यांची नोंद महाराष्ट्रात झाली. परंतु निकालाची अंमलबजावणी ज्या दोन विशेषणांवर उभी आहे, ती ‘पात्र’ आणि ‘प्रमाणित’ ही विशेषणे भारतात अजून पुरती निश्चित झालेली नाहीत. औषध लिहून देणाऱ्याची पात्रता कायद्याने ठरलेली आहे; संवादातून उपचार करणाऱ्याची पात्रता मात्र तीन कायदे, दोन मंत्रालये आणि असंख्य खासगी प्रमाणपत्रे यांच्या गुंत्यात अडकली आहे.

तीन कायदे, तीन नोंदवह्या

या गुंत्याची पहिली गाठ १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यात आहे. २२ जून १९९३ पासून अमलात आलेल्या या कायद्याने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, यांना पुनर्वास व्यावसायिकांमध्ये गणले. परिषदेच्या मान्यतेचा अभ्यासक्रम पूर्ण करून केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव दाखल केल्याखेरीज या नात्याने व्यवसाय करता येत नाही. नियम मोडल्यास एक वर्षापर्यंतचा कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. हा या नोंदणीचा आजवरचा मुख्य मार्ग राहिला आहे. तो चालवणाऱ्या संस्था मोजक्या आणि जागाही मर्यादित आहेत.

दुसरी गाठ २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याची. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या या कायद्याने रुग्णाला हक्क दिले, आत्महत्येच्या प्रयत्नाकडे पाहण्याची कायद्याची दृष्टी बदलली आणि ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ या संज्ञेची व्याख्या केली. त्या व्याख्येत मनोविकारतज्ज्ञ आहेत. राज्य प्राधिकरणाकडे नोंदलेले चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, मनोविकार परिचारिका आणि मनोविकार क्षेत्रातील समाजकार्यकर्ते आहेत. तसेच आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी आणि सिद्ध या पद्धतींतील संबंधित विषयाचे पदव्युत्तर पदवीधरही आहेत. समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. करून वर्षानुवर्षे संवादोपचार करणारी व्यक्ती मात्र या व्याख्येत बसत नाही. शाळेत किंवा शेजारच्या केंद्रात ज्याच्यासमोर सर्वसामान्य माणूस प्रथम जाऊन बसतो, तोच कायद्याच्या दृष्टीने अदृश्य राहिला.

तिसरी गाठ २०२१ मधील राष्ट्रीय सहायक व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याची आहे. मार्च २०२१ मध्ये संसदेने संमत केलेल्या या कायद्याच्या अनुसूचीत वर्तनविषयक आरोग्याचा स्वतंत्र गट आहे. मानसशास्त्रज्ञ, वर्तन विश्लेषक, समुपदेशक, समाजकार्यकर्ते आणि मानसिक आरोग्य साहाय्यक यांना प्रथमच एका राष्ट्रीय चौकटीत स्थान मिळाले. ‘सहायक’ व्यावसायिकासाठी किमान दोन हजार तासांचे आणि ‘आरोग्यसेवा’ व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण, नोंदणीची सक्ती, नोंदणीविना व्यवसाय केल्यास ५० हजार रुपयांचा दंड, असा त्याचा आराखडा आहे. मात्र पुनर्वास परिषदेच्या कक्षेतील चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांना या अनुसूचीतून वगळण्यात आले. परिणामी एकाच दालनात शेजारी शेजारी बसून जवळपास सारखेच काम करणाऱ्या दोन व्यक्तींचे नियामक वेगळे. त्यातील एक सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीत, तर दुसरा आरोग्य मंत्रालयाच्या.

कायदा झाला तरी त्याची यंत्रणा उभी राहिली नाही. राज्यांनी सहा महिन्यांत परिषदा स्थापणे अपेक्षित होते. तीन वर्षे उलटूनही अनेक राज्यांनी ते केले नाही. अखेर १२ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला केंद्र व राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली.

मान्यता कोणाकडून घ्यायची?

संवादोपचाराला मान्यता देण्याचा प्रश्न भारतात नवा नाही. १९२२ मध्ये गिरींद्रशेखर बोस यांनी कलकत्त्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली आणि तिला आंतरराष्ट्रीय मनोविश्लेषण संघाची संलग्नता मिळवली. विश्लेषक कोणाला म्हणावे, त्याचे स्वतःचे विश्लेषण किती व्हावे, याचे निकष तेव्हा युरोपातून येत होते. स्वातंत्र्यानंतर बंगळूर येथील अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत, म्हणजे आजच्या ‘निम्हान्स’मध्ये, १९५५ पासून मानसशास्त्राच्या चिकित्सालयीन प्रशिक्षणाची देशी परंपरा सुरू झाली. लखनौमध्ये ई. स्टॅन्ली जोन्स यांनी १९५० मध्ये स्थापलेले ‘नूर मंझिल’ हे केंद्र याच काळातले. त्या पिढीत संस्थेची आणि गुरूची ख्याती हीच मान्यता होती. वेगळ्या परवान्याची गरज कोणाला भासली नाही.

महाराष्ट्रात या विषयाला मराठी भाषेचे बळ लाभले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी केलेल्या दीर्घ पत्रव्यवहारातून आत्मसात केली आणि व्याख्याने, लेखन व प्रशिक्षण यांद्वारे मराठी समाजात रुजवली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थने हा विचार उपचारकेंद्राच्या भिंतींपलीकडे शाळा, कारखाने आणि रंगमंचापर्यंत नेला. मनावर मराठीत बोलता येते आणि तेही शास्त्राच्या शिस्तीने, हा विश्वास या कार्याने निर्माण केला.

तथापि, औपचारिक प्रमाणपत्राचा प्रश्न येतो तेव्हा उपचारकाला आजही बहुधा परदेशी संस्थेकडे पाहावे लागते. बोधात्मक वर्तनोपचार असो, विवेकनिष्ठ उपचार असो की व्यवहार विश्लेषण. प्रत्येक पद्धतीच्या आंतरराष्ट्रीय संघटना आपापल्या पायऱ्या, परीक्षा आणि पर्यवेक्षणाचे तास ठरवतात. हे प्रशिक्षण अनेकदा कसदार असते, परंतु त्याला भारतीय कायद्यात नोंदणीचे मोल नाही. याच्या दुसऱ्या टोकाला दोन दिवसांच्या कार्यशाळेनंतर मिळणारी प्रमाणपत्रे आहेत. दोन्ही प्रमाणपत्रे एकाच आकाराच्या चौकटीत भिंतीवर लागतात आणि समोर बसलेल्या माणसाला त्यांतील फरक कळण्याचे साधन नसते. लखनौतील महानगर वसाहत असो, पुण्यातील सदाशिव पेठ असो की नागपुरातील धरमपेठ. ‘समुपदेशन केंद्र’ अशी पाटी लावण्याआधी पात्रता तपासणारी परिणामकारक यंत्रणा अजून कोठेही उभी नाही.

नियमनाच्या अभावाची किंमत

या पोकळीचा परिणाम एका उदाहरणातून स्पष्ट होतो. मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. एन. आनंद वेंकटेश यांनी ७ जून २०२१ रोजी समलिंगी व्यक्तींचा कल ‘बदलण्याचे’ तथाकथित उपचार रोखण्याचे आदेश दिले. त्यानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरवला. त्यामुळे एखाद्या डॉक्टरने ते केल्यास राज्य वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते व त्याची नोंदणी धोक्यात येते. परंतु तेच ‘उपचार’ कोणत्याही नोंदवहीत नाव नसलेल्या समुपदेशकाने केले, तर त्याची नोंदणी रद्द करणार कोण? जी नोंदणी मुळात अस्तित्वात नाही, ती काढून घेता येत नाही.

गोपनीयतेचेही तसेच आहे. २०१७ च्या कायद्यातील कलम २३ रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन आरोग्य व्यावसायिकांवर घालते. महाविद्यालयाने नेमलेल्या समुपदेशकाने विद्यार्थ्याने विश्वासाने सांगितलेली गोष्ट प्राचार्यांना वा पालकांना सांगितली, तर त्याला जाब विचारणारी व्यावसायिक परिषद नाही. ग्राहक तक्रार निवारण आयोगाचे किंवा दिवाणी न्यायालयाचे दार उघडे असते. पण स्वतःची मनोव्यथा चव्हाट्यावर मांडून तेथवर जाणारे विरळाच. संवादोपचारात इजा झाली तर तिची जखम दिसत नाही आणि क्ष-किरण चित्रात उमटत नाही. म्हणूनच प्रशिक्षित समव्यवसायींकडून होणारी चौकशी येथे अधिक आवश्यक ठरते.

दार अरुंद केले तर?

यावरून कडक परवाना आणि उच्च पदवी हाच उपाय, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु उपलब्ध पुरावा वेगळी सावधगिरी सुचवतो, आणि तो पुरावा मराठी भूमीतून व तिच्या शेजारून आलेला आहे.

‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये उत्तर प्रदेशासह बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के व्यक्तींना त्या वेळी मानसिक आजार असल्याचे आढळले. विविध आजारांनुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. महाराष्ट्राचा या सर्वेक्षणात समावेश नव्हता. देशात दर लाख लोकसंख्येमागे मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण ०.७५ असल्याचे संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०२३ मधील अहवालात नमूद केले. एवढ्या मोठ्या तुटीत फक्त उच्चपदवीधरांनाच बोलण्याचा अधिकार दिला, तर बहुसंख्य लोकांच्या वाट्याला मौनच येईल.

गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने प्रा. विक्रम पटेल व सहकाऱ्यांच्या मार्गदर्शनाखाली दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली. मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ प्रौढांपैकी निम्म्यांना प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी थोड्या भेटींचा संवादोपचार दिला. या समुपदेशकांकडे मानसशास्त्राची व्यावसायिक पदवी नव्हती. ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी उपचार गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, केवळ सुधारित नेहमीची सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांमध्ये राबवलेल्या ‘विश्राम’ या उपक्रमानंतर नैराश्य असूनही मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेल्याचे डॉ. राहुल शिधये व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये नोंदवले. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भात ही वाढ गावातल्याच माणसांना हाताशी धरून साधली गेली.

मात्र या यशाचा अर्थ ‘कोणीही समुपदेशन करू शकतो’ असा नाही. गोव्यातील समुपदेशकांची निवड पारखून झाली होती. त्यांचे काम लिखित पद्धतीनुसार चालत होते, उपचारभेटींच्या ध्वनिमुद्रणांवर चर्चा होत होती आणि कामाच्या दर्जाला गुण दिले जात होते. म्हणजे पदवी नव्हती, पण अधिस्वीकृतीचा गाभा तेथे होता. तो गाभा म्हणजे दाखवून दिलेले कौशल्य आणि न थांबणारे पर्यवेक्षण. अनेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांत याच दोन गोष्टींचा अभाव असतो.

धोरणाची सध्याची दिशा पाहता हा मुद्दा कळीचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये मानसशास्त्रासह आरोग्याशी निगडित काही विषय दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने शिकवण्यास मनाई केली. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून हा निर्णय लागू झाला आणि त्याला २०२१ च्या कायद्याचाच आधार देण्यात आला. प्रत्यक्ष रुग्णासमोर बसण्याचे कौशल्य पडद्यावरून येत नाही, हा त्यामागील विचार रास्त आहे. परंतु नोकरी वा संसार सांभाळत मुक्त विद्यापीठातून शिकणाऱ्या, विशेषतः लहान शहरांतील स्त्रियांसाठी असलेला मार्ग यामुळे बंद झाला आणि त्याच्या बदल्यात दुसरा सुलभ मार्ग अद्याप दृष्टिपथात नाही. दुसरीकडे, नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.फिल. पदवी रद्द झाल्याने चिकित्सालयीन मानसशास्त्राच्या एम.फिल.ला आयोगाने २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंतच मुदत दिली. जुना पूल पाडला जात असताना नवा पूल पुरता बांधून झालेला नाही, आणि नेमक्या त्याच वेळी न्यायालयाने प्रत्येक मोठ्या शिक्षणसंस्थेला समुपदेशक नेमण्यास सांगितले आहे. मागणी वाढली आणि पुरवठा आटला की निकष सैल होतात, हा बाजाराचा नियम येथेही चुकणार नाही.

इतर देशांचा अनुभव

जर्मनीने १ जानेवारी १९९९ पासून मानसोपचारकाचा व्यवसाय कायद्याने संरक्षित केला. तेथे उपचाराचा दर्जा आणि विम्याचे संरक्षण दोन्ही आहेत. पण पहिली भेट मिळण्यासाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते. ब्रिटनने वेगळी वाट धरली. तेथे २००९ पासून ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ यांसारख्या पदनामांना कायद्याचे संरक्षण आहे, परंतु ‘सायकोथेरपिस्ट’ आणि ‘कौन्सेलर’ ही नावे आजही कोणीही लावू शकतो. ही उणीव भरून काढण्यासाठी व्यावसायिक संघटनांच्या ऐच्छिक नोंदवह्या आहेत आणि त्या नोंदवह्यांनाच एक सरकारी प्राधिकरण मान्यता देते. ज्याचे नाव त्यात नाही त्याला सरकारी आरोग्यसेवेत किंवा चांगल्या संस्थेत काम मिळणे अवघड होते.

इंग्लंडमध्ये २००८ पासून सुरू झालेल्या सार्वजनिक संवादोपचार सेवेतून आणखी एक धडा मिळतो. सौम्य त्रासासाठी अल्पमुदतीचे प्रशिक्षण घेतलेले कार्यकर्ते, गंभीर आजारासाठी पूर्ण प्रशिक्षित उपचारक, अशा तेथे पायऱ्या आहेत. प्रत्येक भेटीत रुग्णाच्या प्रगतीचे मोजमाप होते. एकाच उंबरठ्याऐवजी पायऱ्या बांधणे हा भारतासारख्या देशाला अधिक मानवणारा मार्ग आहे.

पुढचे पाऊल

या पार्श्वभूमीवर काही गोष्टी तातडीने होऊ शकतात. पहिली म्हणजे पुनर्वास परिषद आणि नवा आयोग यांनी एकच सार्वजनिक शोधसूची तयार करावी. नागरिकाला व्यक्तीचे नाव टाकून तिची पात्रता, प्रशिक्षित उपचारपद्धती आणि उपचाराची भाषा एका ठिकाणी पाहता यावी. भाषेची नोंद ही किरकोळ बाब नाही. लखनौत शिकणाऱ्या नांदेडच्या विद्यार्थ्याला किंवा बंगळूरमध्ये नोकरी करणाऱ्या सांगलीच्या तरुणीला आपले दुःख मातृभाषेत सांगायचे असेल, तर त्यांना मराठी जाणणारा उपचारक सापडला पाहिजे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’ सेवेने १४४१६ या क्रमांकावर प्रादेशिक भाषांतून मदत देऊन ही गरज मान्य केलीच आहे.

दुसरी गोष्ट, अधिस्वीकृतीचे मोजमाप पदवीबरोबरच पर्यवेक्षित कामाच्या तासांनी आणि प्रत्यक्ष कौशल्य-परीक्षेने व्हावे, आणि ही परीक्षा मराठी, हिंदी व इतर भारतीय भाषांतही देता यावी. समुपदेशन ज्या भाषेत चालते त्या भाषेत परीक्षा नसणे हा विरोधाभास आहे. तिसरी, आज काम करत असलेल्या अनुभवी समुपदेशकांना ठरावीक मुदतीत पूरक प्रशिक्षण व परीक्षा देऊन नोंदणीत येण्याची संधी असावी. त्यांना एका रात्रीत बेकायदा ठरवल्यास लाखो रुग्ण निराधार होतील. चौथी, गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी स्वतंत्र, मर्यादित अधिकारांची पायरी असावी आणि गंभीर रुग्ण केव्हा व कोणाकडे पाठवायचा, हे त्यात स्पष्ट असावे. पाचवी, आचारसंहिता आणि तक्रार निवारणाची व्यवस्था नोंदणीबरोबरच सुरू व्हावी. ज्या नोंदवहीतून नाव वगळले जाण्याची भीती नाही, ती केवळ दूरध्वनी पुस्तिका ठरते.

तंत्रज्ञानाने हा प्रश्न अधिक निकडीचा केला आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्याने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून, परवानाधारक व्यावसायिकाविना कृत्रिम बुद्धिमत्तेने मानसोपचार देण्यास बंदी घातली. माणसांसाठी परवान्याची चौकट आधीपासून असल्यामुळेच त्या राज्याला यंत्रासाठी रेषा आखता आली. ज्या देशात मानवी उपचारकाची व्याख्या अपुरी आहे, तेथे यंत्राला कोणत्या आधारावर रोखणार?

तोवर नागरिकांनी आणि संस्थाचालकांनी काही साधे प्रश्न विचारण्यात संकोच करू नये. आपले शिक्षण कोठे झाले? कोणत्या नोंदवहीत आपले नाव आहे? कोणत्या पद्धतीने उपचार करता आणि तिचे पर्यवेक्षित प्रशिक्षण किती झाले? आपल्या कामावर कोणाची देखरेख आहे? माझी माहिती कोणाला आणि कोणत्या परिस्थितीत सांगितली जाईल? या प्रश्नांनी चांगला उपचारक दुखावत नाही. उत्तरे देताना जो चिडतो वा टाळाटाळ करतो, त्याच्याबाबत सावध राहिलेले बरे.

न्यायालयाने शिक्षणसंस्थांच्या दारात समुपदेशक उभा केला आहे. त्या दारातून आत जाणाऱ्या मुलाला समोर कोण बसले आहे हे माहीत असण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क प्रत्यक्षात आणण्याची जबाबदारी आता केंद्राची व राज्यांची आहे. नियामक संस्थांच्या अधिकारकक्षेचा वाद लांबला, तर पदे भरली जातील, अहवाल सादर होतील. मात्र ज्या मुलांसाठी हा आदेश निघाला, त्यांना मिळणारी मदत शास्त्रशुद्ध असेल की नाही, हे पूर्वीसारखेच दैवावर अवलंबून राहील.